दत्तूकाकांच्या ओसरीवरचा हुंकार

आम्हा दोघी बहिणींत पाटी एकच होती, तीही कोपऱ्याला फुटलेली. बा आणि आई पुसेगावच्या शिवारात दुसऱ्याच्या रानात कामाला जायचे. उजाडता भाकरी बांधून निघायचे ते दिवेलागणीलाच परत. आमचा तांडा गावापासून मैलभर, मध्ये नाला. पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की शाळा बुडायची आणि उन्हाळ्यात काम मिळालं नाही की संध्याकाळची चूल पेटायची नाही. तेरा-चौदा वर्षांपूर्वीची, नव्वदीच्या सुरुवातीची ही गोष्ट. दहावीपर्यंत गेलेली एकही मुलगी तेव्हा तांड्यावर नव्हती. पुढे तांड्यावरची पहिली पदवीधर मी झाले. हे मी मिरवून सांगते, कारण ते फुकट मिळालेलं नाही. पण आज लिहायचंय ते पुसेगावच्या दत्तूकाका शिंप्यांबद्दल. महिना झाला त्यांना जाऊन. माझी धाकटी बहीण गोदी, तिचा मेसेज आला होता : ‘काका गेले. दुपारी, झोपेत. काही तकलीफ झाली नाही.’ वाचून मी रडले. पण खोटं कशाला लिहू, रडण्याआधी जीव हलका झाला... काका ज्या एका गोष्टीची वाट पाहत होते, ती त्यांना बघायला मिळाली होती.

शाळा सुटल्यावर आम्ही तांड्यावरची सात-आठ लेकरं काकांच्या ओसरीवर थांबायचो. आईबाप रानातून परतताना आम्हाला तिथून घेऊन जायचे. काकांना मूलबाळ नव्हतं, काकू लवकर वारलेल्या. ओसरीवर त्यांचं पायाचं मशीन, भिंतीला खुंट्या, खुंट्यांवर अर्धवट सदरे. आमचे हात धुळीचे आणि लोकांची कापडं नवी, म्हणून त्यांनी आम्हाला गोष्टी सांगायला सुरुवात केली. “हात मांडीखाली घाला रे, मंग सांगतो,” म्हणायचे. पुढे त्यातूनच सगळं आलं. दिवा लागताना शुभंकरोती, शनिवारी मारुतीचं स्तोत्र, भादव्यात गणपतीची आरती. आम्ही घरी गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, बोलणारी पोरं, आमच्या जिभेला ते शब्द वळायचे नाहीत. काका हसायचे नाहीत. एकेक शब्द टाका घातल्यासारखा घालून घ्यायचे.

त्यांच्या गोष्टी पुराणातल्याच, पण शिंप्याच्या. हिरण्यकश्यपू दरबारात आला की आधी त्याच्या कोटाला किती कापड लागलं ते यायचं. “असा छातीचा गडी! माप घ्यायला दोन टेपा जोडाव्या लागल्या.” ध्रुवाला सावत्र आईनं मांडीवरून ढकललं तेव्हा तिच्या लुगड्याचे काठ कसले होते, हेही आम्हाला माहीत होतं. नजर मात्र त्यांची सुईवर असायची. समोर कोण ऐकतंय, कोण पेंगतंय, ते दिसायचं नाही. म्हणून त्यांनी हुंकार लावला होता. एकेका वाक्याला एकेका लेकरानं पाळीनं ‘हूं’ म्हणायचं. हूं आला नाही की गोष्ट थांबायची आणि ज्याची पाळी चुकली त्यानं मागच्या पायरीवर जायचं.

गोदीची पाळी रोज चुकायची. रोज ती मागच्या पायरीवर. काही दिवसांनी तर ती येऊन आपली आपणच मागे बसायची. काकांनी तिचं नाव घुमी ठेवलं. पोरं हसायची, मीही हसायचे... शाळेत मास्तरांनी तिचं काय ते ठरवूनच टाकलं होतं. “तांड्यावरचं लेकरू, मराठी समजत नाही.” आणि घरी आई म्हणायची, शाळेतलं मराठी डोक्यात शिरलं अन् पोरगी आपली बोली विसरून राहिली. इकडच्यांनी तिकडच्या भाषेवर ढकललं, तिकडच्यांनी इकडच्या. मी तिची सख्खी बहीण. मी तिला हाक मारायचेच नाही, हात धरून ओढायचे. असं का करते, हे माझ्याही कधी मनात आलं नाही. दुसरीची परीक्षा झाल्यावर मास्तरांनी बाला बोलावून सांगितलं की हिला घरीच ठेवा, शेळ्या तरी राखील. बानं मान डोलावली. सुट्टीनंतर गोदी शाळेत जायची नव्हती, हे पक्कं झालं होतं.

त्याच आठवड्यात काकांच्या मशीनचा चामडी पट्टा तुटला. नवा पट्टा सेनगावच्या बाजाराहून यायचा होता. काकांचे हात मोकळे. त्या संध्याकाळी ते आमच्याकडे तोंड करून, भिंतीला टेकून प्रल्हादाची गोष्ट सांगू लागले. खांब फुटायच्या ठिकाणी आले, आणि मागच्या पायरीवरून ‘हूं’ आला. बराबर जागेवर. पुढच्या वाक्याला पुन्हा.

“कोन गं ते?”

“घुमी,” पोरं ओरडली.

काकांना आधी वाटलं, मशीनच्या खडखडाटामुळे मागे ऐकू जात नसेल. पण दुसऱ्या दिवशीही पट्टा आलेला नव्हता. त्यांनी सदरा मांडीवर घेतला आणि हातानं काज-बटणं करू लागले. आवाज कसलाच नाही. मान खाली घालून गोष्ट सांगितली, तर गोदी गप्प. मान वर केली की हूं. पुन्हा खाली... गप्प. असं तीनदा केलं त्यांनी. मग सदरा बाजूला ठेवला. गोष्ट अर्धीच राहिली.

त्या दिवशी ते आमच्यासोबत तांड्यावर आले. बानं बाज टाकली, आईनं पाणी दिलं. काका पाणी न पिताच म्हणाले, “शेषराव, पोरगी येडी न्हाई. तिला ऐकू येत न्हाई.”

बा हसला. “काय सांगून राहिले काका! जोरात वरडलं की येते ना पळत.”

“मंग काहून वरडावं लागते, त्याचा इचार केला का कधी?”

आई चुलीपासून उठली, पाठमोऱ्या बसलेल्या गोदीच्या मागे जाऊन उभी राहिली आणि आमच्या बोलीत म्हणाली, “गोदी, गूळ घे.” आमच्या घरात गुळाचं नाव निघालं आणि पोर वळली नाही, असं कधी झालं नसतं. आईनं तीनदा म्हटलं. गोदी काडीनं मातीत रेघा ओढत होती. आई तिच्या पुढ्यात येऊन बसली. “आमी समजलो मास्तरची भाषा समजत न्हाई,” एवढंच म्हणाली.

“आन् मी तिला वरीसभर मागं बसवलं,” काका म्हणाले.

लग्नसराईचे दिवस. ओसरीवर कापडांचा ढीग. तरी ते दुकान बंद करून बासोबत गोदीला परभणीच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले, हिंगोलीपर्यंत जीप, पुढे एसटी. दोन्ही कान कमजोर निघाले. लहानपणी आलेल्या तापानं असेल, डॉक्टर म्हणाले. यंत्र मिळायला वेळ लागेल. तोवर समोर बसून, सावकाश बोला, ओठ बघायला शिकवा. ओठ बघायला शिकवायचं कसं, हे कुणी सांगितलं नाही. ते काकांनी शोधून काढलं. प्रार्थनेत रोज तेच शब्द, त्याच क्रमानं, त्याच चालीत. शुभंकरोती गोदीला ऐकू येत नव्हतं, पण कशानंतर काय येणार हे ठरलेलं होतं. मशीन फिरवून त्यांनी तोंड आमच्याकडे केलं, गोदीला पुढ्यात घेतलं आणि आम्हाला ताकीद दिली : हळू म्हणा, तोंड उघडून म्हणा, गिळू नका. महिना-दीड महिन्यात प्रार्थनेतला कुठलाही शब्द मध्येच उचलून, आवाज न काढता म्हटला की ती ओळखू लागली. मग आरती, मग गोष्टी. मान वर ठेवून शिवायचं म्हणजे शिलाईचं वाटोळं. एकदा एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याची बाही उलटी लागली. तो ओसरीखालून ओरडला, “काका, पोरायला देव शिकवा, पन आमाला मानूस तं राहू द्या!” काकांनी हसत बाही उसवली.

मास्तरांना भेटायलाही तेच गेले. काय बोलले माहीत नाही, पण जूनमध्ये गोदी पहिल्या बाकावर होती. आणि प्रार्थनेच्या वेळी मास्तर पोरांकडे तोंड करून उभे राहू लागले.

यंत्र मिळालं तेव्हा ती पाचवीत होती. कानात बोंडासारखं बूच, त्याची वायर आणि काडेपेटीहून मोठी डबी. डबी ठेवायला काकांनी गणवेशाला आतून खिसा लावला, कुणाला दिसू नये म्हणून. गोदीनं तो बघितला आणि परत दिला.

“भायेरून लावा काका, छातीवर.”

“अगं, लोकं बघतील ना.”

“बघू द्या की. बघतील तं पुढ्यात येऊन बोलतील.”

काका माझ्याकडे बघून म्हणाले, “हिला मी घुमी म्हणत व्हतो!” त्यानंतर कॉलेजपर्यंत तिचा प्रत्येक कपडा त्यांनीच शिवला आणि प्रत्येकावर तो खिसा बाहेरून.

पण ते वरीस त्यांच्या मनातून गेलं नाही. दरवर्षी निकाल लागला की गोदी पेढे घेऊन जायची; काका पेढा खायचे आणि म्हणायचे, “अजून व्हायचंय.” काय व्हायचंय ते सांगायचे नाहीत. या वर्षी ते अंथरुणाला खिळलेले होते. मी रजा टाकून आले, आम्ही दोघी गेलो. गोदीनं गुणपत्रिका त्यांच्या डोळ्यांपुढे धरली. त्यांनी ती उलटीसुलटी केली, तिच्या नावावरून बोट फिरवलं.

“गोदे, तुला मी वरीसभर मागं बसवलं गं...”

“किती वरसं तेच सांगता काका? शिक्षा घ्यायची तं घ्या, शिवा दोन सदरे.”

ते खोकत खोकत हसले. मग डोळे मिटून म्हणाले, “झालं. मोकळा झालो.” मान उशीवर सैल पडली, चेहरा इतका निवांत झाला की मी घाबरून श्वास बघितला. ते झोपले होते. त्यानंतर पंधरा दिवस ते होते आणि त्या पंधरा दिवसांत त्यांनी त्या वर्षाचं नाव काढलं नाही, असं गोदी सांगते.

गुणपत्रिकेत काय होतं, ते लिहून थांबते. ज्या मुलीला दुसरीनंतर शेळ्यांमागे पाठवायचं ठरलं होतं, ती माझी बहीण गोदी शेषराव या वर्षी बी.ए. झाली, द्वितीय श्रेणीत, एकही विषय मागे न राहता.