दत्तूनं सोनलला केलेला फोन

गावच्या ग्रुपवर सोनलच्या फोटोखाली ज्यांनी ‘आईचं तोंड बघायलासुद्धा वेळ न्हाई’ असं लिवलंय, त्यांनी आधी ते पुसा. दहावा व्हायचाय अजून, अन् तुमची बोटं चालायला लागली…

रामराम. मी सोनलची आज्जी, गुंजवण्याची. शाळा तिसरीपर्यंत, तवा लिवण्यातल्या चुका काढत बसू नका.

गेल्या बुधवारी माझी सून गेली. सकाळी चुलीपुढं भाकरी थापत होती, बसल्या जागी कलंडली. दवाखान्याची गाडी येईस्तोवर काही उरलं न्हाई.

सोनल तिची एकुलती एक. बाप आधीच गेलेला. पोरगी पुण्याला संशोधन करते… त्या फोटोत चार अँटेना दिसतात ना, त्याचंच.

हवेतनं सिग्नल येतात ते एकात एक मिसळून. पाठवणाऱ्यानं कुठल्या पद्धतीनं पाठवलाय हे कुणी सांगत न्हाई, ते तिच्या मशीननं आपलं आपण ओळखायचं. त्या पद्धतीला मॉड्युलेशन म्हणतात. ती ओळखल्याबिगर आतला निरोप उलगडत न्हाई, असं मला चहा पिता पिता सांगायची.

तर तिला फोन केला माझ्या धाकट्यानं, दत्तूनं. “सोनू, आई जरा सिरियस हाय. घाबरू नगं, पण निघ.”

आमच्याकडं असंच सांगतात… माणूस रस्त्यात कोसळू नये म्हणून. हितलं शेंबडं पोरगंसुद्धा एवढ्यावर समजतं की माणूस गेलं.

सोनल पाचवीपासनं होस्टेलला. तिला कोण शिकवणार हे? आमच्याकडचा सिरियस माणूस नसरापूरला नेतात, एवढंच तिला ठावं.

ती नसरापूरला उतरली अन् एकेक दवाखाना हिंडत आईचं नाव विचारत राहिली. फोन लावत होती, पण पावसानं आमचा टॉवर बंद पडलेला…

हिकडं मी दारात अडून बसले, पोरगी आल्याबिगर उचलायचं न्हाई म्हणून. दिवस मावळायला आला तशी भावकी थांबंना. म्हातारीचं कोण ऐकतंय.

ती आली तेव्हा पुरुषमाणसं अंघोळी उरकून पडवीत टेकली होती. तिच्या हातात मोसंबी अन् नवा थर्मास. “आई कुठंय? कुठल्या दवाखान्यात नेलंय, कुणीच सांगेना मला.”

मीच सांगितलं.

परवा माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, “आज्जी, माझं मशीनपण असंच चुकतं. जी पद्धत त्याला कधी दाखवलीच नाही ती आली, की ओळखीचीच कुठली तरी समजतं… आणि अगदी खात्रीनं सांगतं.”

मला सहसा रडू येत न्हाई. उठून म्हशीला वैरण टाकायला गेले.

काल तिनं दत्तूला विचारलं, “काका, सरळ का नाही सांगितलं? मी थेट घरी आले असते.” दत्तू खाली बघत टॉवेलाची दशी ओढत बसला, अन् त्याच्या वतीनं सगळी भावकी बोलायला लागली. “पद्धत असती बाळा…” पोरगी उठून आत गेली.

दत्तू, तू हे वाचतोयस, मला म्हाईत हाय. तेरावा झाला की ती जाईल, अन् मग कशाला येतीय हितं. त्याच्या आधी तिच्यापुढं बसायचं अन् उत्तर तूच द्यायचं. भावकीतल्या कुणी मधी तोंड घालायचं न्हाई.