घट उठेपर्यंत

मायच्या कळा देवळाच्या धर्मशाळेतच सुरू झाल्या, आणि आत देवीचे घट बसलेले होते. तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला. मी आठ-नऊ वर्षांची. दाराकडे बघत बसले होते. पुजाऱ्याला कळलं की तो आम्हाला काढणार. नवरात्रात देवळापाशी बाळंतपण चालत नाही.

महाराष्ट्र व्हायच्या एक-दोन वर्षं आधीची गोष्ट. माझा बाप मुकुटबनकडे एका शेतमालकाचा सालदार होता. तो तापाने मेला आणि मालकाने झोपडी नव्या सालदाराला दिली. तेव्हापासून आम्ही चालतच होतो. कोणाच्या ओट्यावर एक रात्र, कोणाच्या गोठ्यात दोन. केळापूरच्या वाटेवरच्या या धर्मशाळेत तेवढं कोणी हाकललं नव्हतं.

पुजाऱ्याची म्हातारी आई झाडायला आली. मायला बघताक्षणी तिला कळलं.

"काहून वं, दिवस भरले म्हणून सांगतलं नाही?"

"सांगतलं असतं तं राहू देल्लं असतं काय?"

"नसतंच देल्लं. ऊठ."

तिने मायला काखेत धरलं, मी गाठोडं घेतलं. नाल्यापलीकडे दर्गा होता, तिथे मुसाफिरांसाठी पडवी होती. वाटेत माय दोनदा खाली बसली. दोन्ही वेळा म्हातारी खेकसली, "इथं नोको! पोट्टं काय नाल्यात टाकतं?"

मुजावराची बायको दारातच होती. "फिर ले आई, अम्मा?" म्हणजे आम्ही पहिल्या नव्हतो.

तिने चादर आडवी बांधली. मूल म्हातारीच्या हातावर आलं. मुलगा होता.

दिवस कलल्यावर पुजारी आला आणि नाल्याच्या पलीकडेच थांबून आपल्या आईला म्हणाला, "माय, तू बाळंतिणीले शिवली. घट उठेपर्यंत वर येऊ नोको."

"आंघोळ करतो नं मी."

"नाही म्हटलं नं!"

म्हातारी आमच्याशेजारी गोणपाट टाकून आडवी झाली. सारखी कूस बदलत होती, उठून बसत होती.

"जलमभर धर्मशाळा झाडली. फरशी इतकी टोचते हे माहीत नव्हतं."

"अब मालूम हुआ ना?" मुजावराची बायको म्हणाली.

दसऱ्याला म्हातारी घरी गेली. आम्ही पुढच्या वर्षीचा पोळा येईपर्यंत पडवीतच होतो.

आता सरकारी घरकुलं झाली, धर्मशाळा कशाला हव्यात, असं लोक मला सांगतात. मागच्या वर्षी मी तिथे गेले होते. पडवीत दोन बायका बसलेल्या होत्या, एकीच्या मांडीवर लेकरू. त्यांना घरकुल कोणी दिलं नव्हतं.

माय पुढे सात-आठ वर्षं जगली. भाऊ आहे, उमरखेडला असतो. मी आहे.