मास्तरांचा वरचा सा

माझ्या गळ्याचं कुणी कौतुक केलं की मी आधी सांगते, हा गळा पनवेलच्या मास्तरांनी दिलाय, आणि तो देताना स्वतःचा मिटून ठेवलाय. लोकांना वाटतं, म्हातारी उगाच विनय दाखवते. विनय कसला! माझ्या अंगात विनय असता तर पुढचं काही घडलंच नसतं.

एकोणीसशे पन्नास साल उलटून गेलेलं. मी बारा वर्षांची. मास्तर मामलेदार कचेरीत कारकून. ते बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, त्यामुळे शनिवारी गाण्याची शिकवणी बंद. बाकी दिवस सकाळी सात ते नऊ. तंबोरा जुळवायचा, मास्तर एक ओळ गाणार, मी तश्शीच म्हणायची. लिहून घेऊ का विचारलं तर म्हणायचे, ‘कान कशाला दिलेत?’ पेटीचा तर त्यांना मनस्वी तिटकारा. ती कोपऱ्यात पडलेली आणि तिच्यावर कचेरीचे जुने कागद.

नक्कल करण्यात मी पटाईत होते. वरच्या सावर जाताना मास्तरांचा आवाज क्षणभर चिरायचा आणि मग लागायचा. मला वाटलं, ही त्यांची खास जागा, मोठमोठ्या गवयांची असते तशी. महिनाभर घासून घासून ती मी गळ्यात बसवली. आई वैतागून म्हणाली, ‘अगं, मधेच मांजर काय ओरडतं?’ मी म्हटलं, ‘तुला नाही कळायचं!’

मग गाण्याची परीक्षा आली. मुंबईचे परीक्षक शाळेत येऊन बसले, मास्तर दाराशी. मी झोकात गायले. परीक्षकांनी विचारलं, ‘बाळ, घसा दुखतोय का? वरचा सा फाटतोय.’ अस्सा राग आला मला! ‘फाटत नाही,’ मी ठणकावलं. ‘ती आमच्या मास्तरांची जागा आहे. सगळ्यांना नाही जमत.’ परीक्षक हसले नाहीत. त्यांनी दाराकडे पाहिलं. मास्तर मान खाली घालून कोटाचं बटण चाचपत होते.

घरी परतताना त्यांनी सांगितलं. लहानपणी ते नाटक कंपनीत मुलींची कामं करायचे. आवाज फुटायचं वय आलं तरी मालकांना पदं त्याच उंच पट्टीत हवी होती. शिकवणारे सांगायचे, ओरड, निघेल. एके दिवशी आवाज पार बसला. पुढे सावरला, पण वरचा सा कायमचा तडकला. इतकी वर्षं तोच ऐकून त्यांना स्वतःला तो खटकेनासा झाला होता. ‘त्यांनी मला बिघडवलं,’ मास्तर म्हणाले, ‘आणि मी माझं फुटकं तुझ्या पदरात घातलं.’ मी रस्ताभर रडले.

दुसऱ्या दिवशी गेले तर पेटी पुसून मधोमध ठेवलेली. त्या दिवसापासून मास्तरांनी गाणं बंद केलं. बोल तोंडाने सांगायचे, सूर पेटीवर दाबायचे, आणि मला हळू, अगदी अर्ध्या आवाजात म्हणायला लावायचे. चीर आली की हात वर. थांब. पाणी पी. पुन्हा खालच्या ‘सा’पासून. कधी भान विसरून तोंड उघडायचे, मग माझ्याकडे बघून मिटायचे. ‘मास्तर, एकदाच म्हणून दाखवा ना,’ मी गयावया करायची. ‘नाही. तू फार चांगली नक्कल करतेस.’

एक कोळीण रोज टोपली दारात टेकवून त्यांचं गाणं ऐकायची. तिने मला विचारलं, ‘बाय, मास्तर आताशा गात नाय? बरे हायेत ना?’ बरे कसले, कपाळ! माझ्यामुळेच तर एवढा गाणारा माणूस मुका झाला होता. मी आत गेले आणि पुन्हा खालच्या ‘सा’पासून सुरुवात केली.

असं वर्षाच्या वर चाललं. मग एका सकाळी वरचा सा लागला, नितळ. पुन्हा लागला. तिसऱ्यांदाही लागला. मास्तरांनी पेटी बंद केली, खुंटीवरचा तंबोरा काढला, जुळवला, आणि गायले. वरच्या सावर आवाज चिरला. ‘म्हण माझ्यामागून,’ ते म्हणाले. मी डोळे मिटून म्हटलं. चीर नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं, जरा जोरात, मुद्दाम सावर रेंगाळून. त्यांचा चिरला, माझा नाही.

‘लागण झाली नाही तुला,’ मास्तर म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. ‘चला, मी गायला मोकळा झालो.’

आणि गायले की हो! नऊ वाजून गेले, मास्तरीणबाई डबा घेऊन उभ्या, दारात ती कोळीण टोपली टेकवून बसलेली. कचेरीला उशीर करणारे ते नव्हेत, पण त्या दिवशी साडेदहा वाजून गेले तरी तंबोरा त्यांच्या मांडीवरच होता.