किमची आणि शेजारीण

आंबलेल्या वासाची तुम्हाला किळस येते, की तो कुणाच्या घरातून येतो त्याची? काल कोरियन हॉटेलात आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी मिटक्या मारत आंबवलेल्या कोबीची किमची खात होते. मिशीला लागलेला लाल रस पुसत मला म्हणाले, “अहो, या वासानंच भूक खवळते!” याच गृहस्थांनी परवा आमच्या मजल्यावरच्या मणिपुरी नर्सला दारात सुनावलं होतं, “ताई, असली आंबवलेली मासळी शिजवायची असेल तर खोली सोडा.” परदेशी वास हौसेनं विकत घ्यायचा आणि शेजारणीच्या स्वयंपाकापुढे नाक दाबायचं, ही खवय्येगिरी भिकार आहे. त्या नर्सला इमारतीतून काढण्याचा अर्ज आता सह्यांसाठी घरोघर फिरतोय. तुमच्या इमारतीत असा अर्ज आला, तर सही करू नका.