लढाईचं रबर

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. आता ती नाही, म्हणून तुम्हाला सांगतो — आणि सांगतानाही तोंडात जळक्या रबराची चव येते.

धुळ्यात आग्रा रोडवर माझं टायर रिमोल्डचं दुकान होतं; झिजलेल्या टायरवर रबराचा नवा पट्टा चढवून द्यायचो. स्वातंत्र्य नवं होतं. महायुद्धातले लष्कराचे जुने टायर लिलावात यायचे, कारखान्यात बनवलेल्या रबराचे. पट्ट्यासाठी आम्ही तेच गाळून वापरायचो, त्याला लढाईचं रबर म्हणायचो. झाडाच्या रबराचा स्वभाव हाताला ठाऊक असतो — हे मात्र हट्टी. साच्यात घट्ट दाबून, वाफेवर धीरानं शिजवलं, तरच तो चिकट लगदा एकजीव, चिवट व्हायचा. घाई केली की वरून कडक, आत कच्चा आणि बुडबुड्यांनी भरलेला. मला हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं.

आखाजीचा, म्हणजे अक्षय्यतृतीयेचा दिवस. देवपुरात निंबाखाली पत्त्यांचा डाव बसलेला, आणि माझ्या साच्यात सुपडूनानांच्या ट्रकचा टायर. नाना ड्रायव्हर, ट्रक शेठचा. मी वाफ वाढवली. दाब लवकर सोडला. वर नख रुतेना, पण कडेला दाबलं तर खाली मऊ — पिकलेल्या गळवासारखं. मी हात पुसले आणि डावाला गेलो. पत्त्यांसाठी, दुसरं काही नाही. थू माझ्यावर.

दुसऱ्या दिवशी नरडाण्याच्या अलीकडे नवा चढवलेला पट्टा उडाला, ट्रक उलटला. नानांचा पाय गुडघ्यापासून कापावा लागला. शेठनं दुकानात येऊन चारचौघांत विचारलं, टायर पक्का होता ना? काय म्हणालो असेन मी? "पक्का होता शेठ. नानांनीच माल जास्त भरला असेल."

झालं. नाना दवाखान्यात पडलेले, त्यांच्या बाजूनं बोलणार कोण? नोकरी गेली. इतकी वर्षं कमावलेलं नाव माझ्या एका वाक्यानं गेलं. सगळे तेच म्हणत राहिले, आणि हळूहळू नानांनाही ते खरं वाटू लागलं. याची मला सगळ्यात जास्त शिसारी येते.

पुढच्या आखाजीला नाना कुबडीवर दुकानात आले. फडक्यात घरच्या सांजोऱ्या बांधून आणलेल्या. खाली बघत, माझीच माफी मागत म्हणाले, "मनामुये तुनं नाव खराब व्हयनं, भाऊ. मीच माल जास्त भरा."

मी सांजोरी खाल्ली. नाना समोर उभेच होते. मग मी आणखी एक मागून घेतली.