पूजेपुरतं बाहेर

"तू आज इथंच बस हं," वहिनीसाहेब म्हणाल्या आणि चपलांच्या स्टँडशेजारचं स्टूल पायानं माझ्याकडे सरकवलं.

पायानं. हातात पूजेचं ताट आहे म्हणून पायानं, असं मी स्वतःला सांगितलं. तेव्हा मी स्वतःला बरंच काही सांगायची.

दसरा होता. आमच्या हापिसात दसऱ्याला कॉम्प्युटरची पूजा व्हायची. कॉम्प्युटरची खोली काचेची, एसीवाली. आत जाताना चपला बाहेर काढायच्या, रोजच. धूळ गेली तर मशीन बिघडतं म्हणायचे. त्या काळात कॉम्प्युटर म्हणजे घरातली आजारी म्हातारी. जपायची, झाकायची, मोठ्यानं बोलायचं नाही.

काचेतून मला माझं मशीन दिसत होतं. खिडकीजवळचं. त्याच्या स्पेसबारवरचा रंग माझ्या अंगठ्यानं गेला होता. त्याला झेंडूचा हार घातला होता. स्क्रीनच्या मधोमध कुंकवाचं बोट. कीबोर्डवर तांदूळ. शेजारी टेबलावर भैयासाहेबांच्या घरची जुनी तलवार, लाल कपड्यावर ठेवलेली.

भैयासाहेब म्हणजे आमचे मालक. त्यांचे पणजोबा बडोद्याच्या सरकारच्या फौजेत होते. दर दसऱ्याला ते सगळ्यांना सांगायचे, "पूर्वी आम्ही तलवार पूजायचो. आता हीच आमची शस्त्रं." आणि मॉनिटरवर थाप मारायचे. मी त्यांची ही नक्कल इतकी हुबेहूब करायची की शिपाई उठून उभा राहायचा.

वहिनीसाहेब, त्यांची बायको, माझ्या कानाशी वाकल्या. अत्तराचा वास आला. हळूच म्हणाल्या, "कुणी विचारलं तर अडचण आहे म्हण. बाजूला बसलेय म्हण. म्हणजे कुणाला काही वाटायला नको."

मला पाळी आली नव्हती. त्यांनी विचारलं पण नाही. त्यांना माहीत होतं की कारण ते नाहीच.

मी बसले.

आता मी कोण, ते सांगते. शाळा करजणची. गुजराती मिडियम. घरात मराठी. माझं मराठी आईच्या चुलीपुढचं आहे, व्याकरण शोधू नका. बाबा रेल्वेत गँगमन. भुसावळकडून बदली होऊन आले ते इथंच राहिले. रुळ तपासत चालायचं, खडी भरायची, उन्हात, पावसात. त्यांना वाटायचं पोरीनं सावलीतलं काम करावं. म्हणून मांडवीजवळच्या एका क्लासमध्ये मला कॉम्प्युटरला घातलं. रोज लोकलनं करजण ते बडोदा.

मला दोन गोष्टी यायच्या. प्रोग्राम लिहिता यायचा आणि आवाज काढता यायचे. पहिल्यासाठी नोकरी मिळाली, दुसऱ्यासाठी लाड झाले. मी डॉट मॅट्रिक्स प्रिंटर करायची. दात घासल्यासारखा तो आवाज, कर्रर्र, कर्रर्र, मग कागद अडकल्यावर कुईं. मी इंटरनेट लागतानाचा मोडेम करायची. फोनवर भांडणारा मांडवीचा कापडवाला करायची, "अरे बेन, तमारुं सोफ्टवेर तो मारी सासू जेवुं छे, कंई सांभळतुं ज नथी!" सॉफ्टवेअर सासूसारखं, काही ऐकतच नाही म्हणून. हापिस लोळायचं. माझं नावच टेप पडलं. भैयासाहेब पाहुणा आला की म्हणायचे, "टेप, लाव जरा."

मुलाखतीत त्यांनी माझं आडनाव ऐकलं आणि खूश झाले. "आपलीच पोर आहे की. मराठी माणसानं मराठी माणसाला नाही घ्यायचं तर कुणाला?" माझं आडनाव त्यांच्यातही आहे, आमच्यातही आहे. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. लपवलं असं नाही. कुणी विचारलंच नाही तर काय, कपाळावर चिठ्ठी लावून फिरायचं?

वहिनीसाहेब दुपारी डबा घेऊन यायच्या. त्यांच्या डब्यातलं मी खायची, माझ्यातली भाकरी त्या मागून घ्यायच्या. "तुझ्या आईच्या हाताला चव आहे गं."

मग एक दिवस बाबा आले.

रेल्वेच्या दवाखान्यात डोळे दाखवायला बडोद्याला आले होते. म्हणाले, "पोरी, तुजं मशीन बघायचं होतं." मला काय आनंद झाला. बाबांनी दारात बूट काढले. ते जाड बूट, खडीनं सोललेले. मग आत यायच्या आधी बेसिनवर जाऊन हात धुतले. मी म्हणलं, "बाबा, हात कशाला?" तर म्हणाले, "येवढं महागाचं मशीन, डाग पडंल."

मी त्यांना खुर्चीत बसवलं. बटण दाबायला लावलं. स्क्रीनवर त्यांचं नाव उमटलं. त्यांनी एक बोट पुढं केलं आणि काचेला हळूच लावलं. लहान मुलाच्या गालाला लावतात तसं.

तेवढ्यात भैयासाहेब आले. फार प्रेमानं आले. "या या! बसा, बसा, उठू नका. अरे, चहा सांगा कुणीतरी. मूळ गाव कुठलं आपलं?" आणि हात पुढं केला.

बाबा उठले. दोन्ही हात जोडले. मान ताठ. म्हणाले, "जय भीम, साहेब."

असं ते सगळ्यांनाच म्हणायचे. स्टेशनमास्तरला, दूधवाल्याला, करजणच्या बाजारातल्या भाजीवालीला. लोक केम छो म्हणतात, जय श्रीकृष्ण म्हणतात. बाबा जय भीम म्हणायचे. त्यात काही ठसका नव्हता. ती त्यांची सवय होती आणि तो त्यांचा कणा होता.

भैयासाहेबांचा चेहरा बदलला नाही. ते शिकलेले होते. फक्त पुढं केलेला हात खिशात गेला. रुमाल काढला, चष्मा पुसला. "छान, छान. पोरगी हुशार आहे तुमची." आणि केबिनमध्ये गेले.

चहा आला नाही. बाबांनी वाट पाहिली. चहासाठी नाही, निघताना साहेबांना सांगून जावं म्हणून. मग म्हणाले, "कामात असतील," आणि गेले.

नंतर कुणी काही बोललं नाही. हेच तर शहरातलं असतं. गावात शिवी देतात, निदान ऐकू येते. इथं वहिनीसाहेबांचा डबा यायचा बंद झाला. "पित्त झालंय गं, बाहेरचं चालत नाही." माझी भाकरी बाहेरची झाली. बडोद्याजवळच्या छाणी गावातल्या एका कारखान्याचं हजेरीचं काम मी पहिल्यापासून लिहीत होते, तिथं साहेबांसोबत जायला आता दुसरा मुलगा जायचा. टेप मात्र जास्त लावायला लागले. पाहुणा आला की मी नाचणार, पाहुणा गेला की मी कोपऱ्यात.

त्या हजेरीच्या प्रोग्रामचं सांगते, कारण ते माझ्या डोक्यातून जात नाही. कारखान्याची अट होती, मजूर जरा उशिरा आला तर अर्धा दिवस कापायचा. स्टाफचा माणूस उशिरा आला तर चालेल. मी भैयासाहेबांना विचारलं, "दोघं एकाच गेटातून येतात, घड्याळ एकच, मग असं का?" ते म्हणाले, "आपण प्रोग्राम लिहायचा. नियम त्यांचे."

लोक मोठ्या कौतुकानं म्हणतात, कॉम्प्युटरला जात नसते. खरंय. कॉम्प्युटरला काहीच नसतं. त्याला आपण सांगतो, जर हा असा असेल तर आत घे, नाहीतर बाहेर ठेव. तो ऐकतो. तो बिचारा माझ्या बाबांपेक्षा आज्ञाधारक. पण त्या ओळी कुणीतरी बसून लिहिलेल्या असतात. एसीमध्ये, चहा पीत. आणि स्क्रीनवर नुसतं नाव आणि आकडा दिसतो, म्हणून सगळ्यांना वाटतं न्याय झाला.

तर मी स्टुलावर बसले होते. चपलांच्या वासात. आत आरती चालू होती.

आणि एक सांगायचं राहिलं. दसरा म्हणजे आमच्या घरीही मोठा दिवस. बाबासाहेबांनी त्या दिवशी धम्म घेतला. बाबा सकाळी पांढरा शर्ट घालून वंदनेला निघाले होते. आई म्हणाली, "आज पण हापिस?" मी म्हणलं, "आज सगळ्यांना यायला सांगितलंय." म्हणजे माझा दिवस टाकून मी यांच्या दिवसाला आले होते. मला आरती करायची नव्हती, कुंकू लावायचं नव्हतं. आम्ही देव कधीच सोडले. मला फक्त माझ्या जागेवर असायचं होतं. ही काही देवळाची गोष्ट नाही. कामाच्या जागेची आहे.

आरती संपली. काचेचं दार उघडून हेतल बाहेर आली. माझ्या शेजारच्या मशीनवर बसायची ती. गुजराती, साधी, मनानं चांगली. तिला मराठी समजत नव्हतं. तिनं मला स्टुलावर पाहिलं आणि मायेनं विचारलं, "अली, शुं थयुं? टाइममां छे?" अगं, काय झालं, पाळी आलीय का, असं. आणि स्वतःच मान हलवली. तिला कळलं असं तिला वाटलं. बायकांचं बायकांना कळतं तसं. "पेटमां दुखे छे? गोळी आपुं?"

वहिनीसाहेब तिच्या मागं उभ्या होत्या. माझ्याकडे बघत होत्या. नुसती मान डोलव, असं डोळ्यांनी सांगत होत्या. किती सोपं होतं. एक मान हलवायची, गोळी घ्यायची, प्रसाद खायचा, उद्या मशीन माझंच. आणि माझ्याच अंगाची खोटी साक्ष काढून यांचं जात पाळणं झाकायचं.

मला सगळ्यांचे आवाज काढता येतात. त्या क्षणी माझ्या गळ्यात एकही येईना. मग जो आला तो ओळखीचाच नव्हता. माझा होता.

मी उभी राहिले. मोठ्यानं बोलले. गुजरातीत बोलले, कारण मराठीतली कुजबुज मी, वहिनीसाहेब आणि भैयासाहेब, आम्हा तिघांतच राहिली असती.

"ना, हेतल. हुं टाइममां नथी. मने कंई थयुं नथी. मारी जात एमने नडे छे, एटले पूजामांथी बहार बेसाडी छे."

माझी जात यांना नडते म्हणून बाहेर बसवलंय, हे एकूणएक जणाला कळलं. हेतल हातातल्या पेढ्याकडे बघायला लागली. कुणीतरी म्हणालं, "प्रसाद लो, प्रसाद." कुणी घेतला, कुणी नाही.

भैयासाहेब पुढं आले. मराठीत बोलले. "अगं वेडी आहेस का? आम्ही असलं काही पाळत नाही. माझ्या आईसाहेब जुन्या वळणाच्या आहेत, घरची तलवार इथं आणलीय, त्यांचं मन राखायला. पूजेपुरतं फक्त. उद्या तुझंच आहे ना ते मशीन?" मग हसले. सगळ्यांकडे बघून म्हणाले, "फार गंभीर झालं बुवा. टेप, लाव जरा काहीतरी."

ते वाट बघत होते. सगळेच वाट बघत होते. मी एक आवाज काढला असता तर सगळे सुटले असते. सगळ्यांना हसायचं होतं हो, घाईनं हसायचं होतं.

मी म्हणलं, "नाही लावणार."

आणि आत गेले. माझ्या खुर्चीत बसले. हार बाजूला केला. कीबोर्ड उलटा करून तांदूळ टेबलावर झटकले. मशीन चालू केलं. मला कुणी अडवलं नाही. कुणी हात लावला नाही, म्हणजे खरंच लावला नाही. वहिनीसाहेबांनी आधी तलवार उचलली, छातीशी धरली आणि बाहेर नेली. मी कुंकू लागलेल्या स्क्रीनवर काम करत बसले. अक्षरं दिसत नव्हती नीट. कुंकवामुळे नाही.

हेतल पुन्हा येऊन शेजारी बसली नाही. पर्स घेऊन घरी गेली. तिनं नंतर फोन पण केला नाही. मी रागावले नाही तिच्यावर. पण विसरले पण नाही.

दिवाळीआधी भैयासाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. "काम कमी झालंय. तुझ्यासारखीला कुठंही मिळेल." इतकं गोड बोलले की त्यांची नक्कल करायला आतून जीभ वळवळली. केली नाही. छाणीचं काम ज्या दिवशी चालू झालं त्या दिवशी तिथं पेढे वाटले म्हणे. स्क्रीनवर लिहिणाऱ्याचं नाव येतं तिथं त्या दुसऱ्या मुलाचं येतं.

हे सगळं मला चाललं असतं. नोकऱ्या जातात. जे गेलं आणि परत येत नाही ते दुसरंच आहे.

घरी सांगितलं तेव्हा बाबा जेवत होते. घास हातात राहिला. म्हणाले, "मी बोललो म्हून?"

मी म्हणलं, "नाही बाबा."

"मी नमस्कार म्हणाया पायजे होतं. तुज्या हापिसात."

आईनं त्यांच्याकडे बघितलं.

त्यानंतर मी पाहिलंय. शेजारी नवीन भाडेकरू आला, बाबा नमस्कार म्हणाले. माझ्या धाकट्या भावाच्या शाळेत गेले, सरांना नमस्कार म्हणाले. हात जोडतात तेच, पण मान थोडी खाली असते. उन्हात रुळावर आयुष्य काढलं तेव्हा न वाकलेली मान. वाकवली कुणी? एसीच्या खोलीत, शिवी न देता, चष्मा पुसत.

मी कुणाचाही आवाज काढू शकते. बाबांचा तो नमस्कार मला काढता येत नाही. दोनदा प्रयत्न केला, एकटीच असताना. रडू आलं.

आता बडोद्यात अलकापुरीला मोठी हापिसं झालीत. खाली काच, वर काच. परवा एका ठिकाणी मुलाखतीला बोलावलंय. काम मला येतं, ते मी कुणाच्या दयेनं शिकले नाही, ते मी सोडणार नाही. तिथं कुणी असा प्रोग्राम लिहायला सांगितला की ज्यात गेटावरच माणसाचे दोन भाग होतात, तर मी आधी विचारणार, का? आणि उत्तर मिळेपर्यंत बोट उचलणार नाही. काढलं तर काढलं.

पण ते नंतरचं. पहिल्यांदा आत गेल्यावर, खुर्चीत बसायच्या आधी, मी दोन्ही हात जोडणार आणि जय भीम म्हणणार. मान ताठ. ज्याला नडेल त्यानं तेव्हाच सांगावं. कानाशी येऊन नाही. सगळ्यांना ऐकू जाईल, सगळ्यांना कळेल अशा भाषेत.