तीन सेकंदांतला हिट

नवापैकी आठव्या इनिंगला आम्ही सात-शून्यने पुढे होतो. चॅम्पियनशिप जवळपास खिशात होती, आणि तरी स्कोअररच्या केबिनमध्ये सगळे शोकसभेला आल्यासारखे गप्प बसले होते.

मी हायडेलबर्गजवळच्या एका बेसबॉल क्लबमध्ये डेटा अ‍ॅनालिस्ट आहे. घरच्या मैदानावर स्कोअररही मीच. बॅटर बेसवर पोचला तो स्वतःच्या फटक्यामुळे की फिल्डरच्या चुकीमुळे, हे ठरवायचं. फटक्यामुळे असेल तर हिट, चुकीमुळे असेल तर एरर. क्रिकेटमध्ये कॅच सुटला की कॉमेंटेटर हळहळतो आणि विषय संपतो. इथे ती चूक फिल्डरच्या नावावर कायमची चढते. रेस्टॉरंटमध्ये सूप गार आहे हे मला सांगता येत नाही, पण हे काम जमतं. बोलावं लागत नाही. बटण असतं.

त्या दिवशी आमचा पिचर मार्कुस याने समोरच्या टीमला एकही हिट दिला नव्हता. शेवटपर्यंत तसंच राहिलं तर त्याला नो-हिटर म्हणतात. बहुतेक पिचर्सना तो आयुष्यात मिळत नाही. मार्कुसची ही शेवटची मॅच होती. सोमवारपासून तो लुडविग्सहाफेनच्या रसायन कारखान्यातला फक्त एक केमिस्ट उरणार होता. नो-हिटर चालू असताना तो शब्दही उच्चारायचा नाही, अशी रीत आहे. दृष्ट लागते. हे मात्र मला जर्मनीत शिकावं लागलं नाही.

मग एक बॉल जमिनीवरून सणसणत आला, शेवटच्या क्षणी विचित्र उसळला आणि सूर मारलेल्या फिल्डरच्या ग्लोव्हला घासून गेला. बॅटर बेसवर पोचला. मी हिटचं बटण दाबलं. स्कोअरबोर्डवर हिट्सच्या रकान्यात शून्याचा एक झाला आणि सगळं मैदान माझ्या खिडकीकडे वळलं.

आमचे मॅनेजर ब्रांट आत आले. रिकाम्या रस्त्यावरही लाल सिग्नलला थांबणारा माणूस.

“फ्राऊ साने, बॉल ग्लोव्हला लागला.”

“हो. पण पकडण्यासारखा नव्हता.”

“नियमाप्रमाणे निर्णय नंतरही बदलता येतो.”

“चुकला असेल तर.”

“आल्झो, म्हणजे एरर दिलात तर फिल्डरची हरकत नाही. मी विचारून आलोय.”

खरंच विचारून आले होते. मी स्क्रीनकडे बघत राहिले. घाबरले की मी तेच करते. लोकांना तो ठामपणा वाटतो. ब्रांट निघून गेले.

आम्ही चॅम्पियन झालो. बिअरने भिजलेला मार्कुस केबिनच्या दारात आला. मी मनातल्या मनात जर्मन वाक्य जुळवत होते.

“हिटच होता,” तो म्हणाला. “मला तिथूनच कळलं.”

“मग?”

“तू तीन सेकंदांत बटण दाबलंस. माझी पंधरा वर्षं होती त्यात. जरा विचार केल्यासारखं तरी दाखवायचंस.”

पुण्याहून ऑनलाइन मॅच बघणाऱ्या बाबांचा मेसेज आला होता: ‘जिंकलात ना? मग तो पिचर रडत का होता?’

आता मी उत्तर माहीत असलं तरी थांबते. रिप्ले मागवते, चष्मा काढते, कपाळाला आठ्या घालते आणि मग तेच बटण दाबते. यंदाच्या रिव्ह्यूमध्ये ब्रांटनी लिहिलंय की माझे निर्णय पूर्वीपेक्षा अचूक झालेत.